भांडारताईचा हिशेब

लासलगावात सगळ्याला भाव असतो. सकाळी लिलाव सुरू झाला की व्यापारी ट्रॉलीपाशी येतो, वरचे दोन कांदे उचलतो, हातावर चोळतो, एखादा फोडून बघतो आणि क्विंटलचा आकडा पुकारतो. पुढचा वाढवतो, त्याच्या पुढचा मान हलवतो आणि दोन मिनिटांत शेतकऱ्याच्या चार महिन्यांचा निकाल लागतो. १९४७ साली इथं बाजार समिती स्थापन झाली. तेव्हापासून गावाला सवयच लागली आहे. लग्नाच्या पत्रिकेचा कागदसुद्धा आमच्याकडं लोक आधी चोळून बघतात.

माझे वडील याच बाजारात मापारी. मापाऱ्याच्या घरात काहीही अंदाजानं होत नाही. आमच्याकडं पोळ्या मोजून लाटल्या जात आणि मोजूनच खाल्ल्या जात. त्यामुळं बी.कॉम.ची शेवटची परीक्षा संपल्यावर मी जाहीर केलं, की मे महिनाभर तरुणांच्या श्रमदान शिबिरात व्यवस्थेचं काम करायला जाणार, तेव्हा अण्णांनी फक्त आकडे विचारले.

"किती दिवस?"

"चोवीस. आठ-आठ दिवसांच्या तीन तुकड्या आहेत."

"देणार किती?"

"काही नाही."

"घेणार किती?"

"कोण?"

"ते. तुझ्याकडनं."

"काही नाही."

अण्णांनी क्षणभर डोळे मिटून बेरीज केली. "म्हणजे चोवीस दिवस घरचं जेवण वाचलं. जा."

शिबिर लासलगावपासून चांदवडच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याच्या एका खेड्यात होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक वाचतात. दिवस वॉटर कपच्या भराचे होते. पाणी फाउंडेशननं २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू केलेली स्पर्धा एव्हाना महाराष्ट्रभर पसरली होती, आणि ज्या गावाचा स्पर्धेशी काही संबंध नव्हता त्या गावालाही आपल्या टेकडीला खणल्याशिवाय राहवत नव्हतं. राहायला जिल्हा परिषदेची शाळा. मुलींना पहिली-दुसरीचे वर्ग, मुलांना तिसरी-चौथीचे, आणि मला मुख्याध्यापकांच्या खोलीची किल्ली. तिथं भांडार होतं. मी भांडारप्रमुख.

शिबिरात प्रत्येक जण कसला तरी प्रमुख असतो. भोजनप्रमुख, निवासप्रमुख, आरोग्यप्रमुख, बौद्धिकप्रमुख. हाताखाली कोणी नसतं, पण प्रमुख असतो. शिवाय सगळे एकमेकांचे दादा आणि ताई. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, छातीपर्यंत दाढी असलेला पुण्याचा एक गृहस्थ दाराशी उभा राहून "भांडारताई, साबण" म्हणाला, तेव्हा माझा थोरलेपणाचा शपथविधी पार पडला.

पहिल्या रात्री शिबिरप्रमुख दादांनी सर्वांना या कामाचा इतिहास सांगितला. १९२० साली पियर सेरेझोल नावाच्या स्विस इंजिनिअरनं फ्रान्समध्ये व्हर्दूंजवळ, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या एका गावात स्वयंसेवकांची छावणी भरवली. त्या मातीवर लढलेल्या जर्मनीचेही लोक तिथं घरं बांधायला आले होते. १९३४ साली बिहारचा भूकंप झाला तेव्हा हाच सेरेझोल फावडं घेऊन भारतात आला. बाबा आमट्यांनी १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तीसुद्धा ऐन मे महिन्यात. उन्हाळ्यातल्या चंद्रपुरात आपणहोऊन जाऊन माती खणणारा मुलगा पुढं आयुष्यात कशालाच घाबरत नसणार. मग २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना आली. पहिल्या वर्षी ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी. तिच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक आहे आणि त्या चाकाचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. स्वयंसेवक आठही प्रहर सेवेला तयार, असा त्याचा अर्थ.

मुलं भारावून ऐकत होती. मीही भारावले होते. फक्त व्हर्दूंला भांडार कोणाकडं होतं, हे काही दादांनी सांगितलं नाही. इतिहासात ते कोणी लिहूनच ठेवलेलं नसावं. आठ प्रहरांचं म्हणाल तर त्यांतले सहा स्वयंसेवक झोपेत, गाण्यात आणि जेवणाच्या रांगेत काढतो. आठही प्रहर जागी असते ती भांडाराची किल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साठ मुलं रांगेत उभी राहिली आणि मला आपोआप प्रतवारी सुचायला लागली. कांद्याच्या गावात वाढलेल्या माणसाचा इलाज नसतो. काही मुलं एक नंबरचा माल. गोल, पक्की, दोन पत्ती. सांगाल ते करतील, शिबिर संपेपर्यंत टिकतील. काही गोल्टी. आकारानं लहान, पण भाजीत हीच लागते. काही जोड. दोघी मैत्रिणी एकमेकींना अशा चिकटलेल्या, की एकीला फावडं दिलं तर दुसरीही त्याच फावड्याला धरायची. काही डेंगळे. डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा आलेला कांदा. उंचीनं सगळ्यांच्या वर, टोकाला डोलदार फूल, आणि फोडून बघाल तर मध्ये दांडाच. असा डेंगळा प्रत्येक तुकडीत एक तरी निघायचा. गाणी पहिल्यांदा त्यालाच आठवायची, घोषणा तोच द्यायचा आणि वाढपाच्या वेळी त्याचा घसा बसलेला असायचा. आणि शेवटी चिंगळी. इतकी बारीक, की लिलावात तिच्याकडं कोणी बघतही नाही. पहिल्या तुकडीत असा एक मुलगा होता. नाव लक्षात राहू नये अशा बेतानंच तो वावरायचा. त्याच्याकडं पुढं येतेच.

पहाटे साडेचारला उठवायचं, सव्वापाचला चहा, साडेपाचला टेकडीवर. काम सलग समतल चराचं. म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत जाणारा चर, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल. पाणी टेकडीवरून धावत आलं की चरात थांबावं, मुरावं आणि खाली कोणाच्या तरी विहिरीत निघावं. पातळी काढायला बांबूची ए-फ्रेम. इंग्रजी ए अक्षरासारखी दोन पायांची घोडी, मधोमध दोरीला दगड टांगलेला. दगडाची दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. इतकं सोपं. पण दुसऱ्या तुकडीतल्या एका भावी इंजिनिअरला टांगलेला दगड शास्त्रीय वाटेना. त्यानं मोबाइलमधल्या ॲपवर पातळी काढली आणि गटाकडून अकरा मीटर चर खणून घेतला.

लिंबाच्या सावलीत गावातले आबा बसलेले असत. त्यांनी लासलगावच्या बाजारात तीस वर्षं गोण्या उचललेल्या. ते उठले, लोटाभर पाणी चराच्या एका टोकाला ओतलं आणि परत येऊन बसले. पाणी रमतगमत दुसऱ्या टोकाला निघून गेलं. आबा काही बोलले नाहीत. इंजिनिअरनं मोबाइल खिशात घातला.

पहिल्या दिवशी दोन गटांनी खणलेली माती चराच्या वरच्या अंगाला रचली होती. माती खालच्या अंगाला टाकायची, म्हणजे बांध होतो आणि पाणी अडतं. वरच्या अंगाला रचली तर पाण्याला दारातूनच परत पाठवल्यासारखं होतं. ती माती उचलून पलीकडं टाकण्यात दुसरा दिवस गेला. आबा त्या दिवशी जरा सरकून पुढं बसले.

"पोरी," त्यांनी मला विचारलं, "हे घमेलं पुढं द्यायला बारा जणं लागत्यात व्हय?"

"साखळी केलीय आबा. कोणाला दम लागू नये म्हणून."

"आमी बारा जणं अख्खी गाडी खाली करायचो." मग थोडं थांबून, "ह्यांना मिळतं काय?"

"काही नाही. श्रमदान आहे."

"मंग आमी करायचो ते?"

यावर बौद्धिकप्रमुखांकडंही उत्तर नव्हतं. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतली तर तिला हमाली म्हणतात आणि पाच किलोचं घमेलं बारा हातांतून गेलं तर त्याला श्रमदान म्हणतात, हा भेद ज्यानं तीस वर्षं गोण्या वाहिल्या त्याला समजावून सांगणं अवघड असतं. दुसऱ्या दिवसापासून आबांनी स्वतःच एका गटाचा ताबा घेतला. टिकाव कसा धरायचा, कमरेतून न वाकता गुडघ्यातून कसं बसायचं, तळहाताला फोड येऊ नयेत म्हणून दांड्याला हात कुठं द्यायचा, हे त्यांनी शिकवलं. आरोग्यप्रमुखांचा मलमाचा खप निम्म्यावर आला.

आता स्वयंपाकघर. त्या मे महिन्यात कांद्याचे भाव पार उतरले होते आणि भाव उतरला की शेतकऱ्याचं मन मोठं होतं. "बाजारात नेण्यापेक्षा पोरांना खाऊ द्या" म्हणून एकानं चार गोण्या आणून टाकल्या. त्याचं बघून दुसऱ्यानं सहा. तिसऱ्यानं गोण्या मोजल्याच नाहीत, ट्रॉली मागं घेतली आणि ओटा भरला. तेव्हापासून शिबिराचा आहार ठरला. सकाळी कांदेपोहे. दुपारी कांद्याचा रस्सा, सोबत बुक्कीनं फोडलेला कांदा. संध्याकाळी पिठलं, त्यात कांदा. रविवारी गोड म्हणून शिरा, आणि तोंडी लावायला कांदाभजी. मुंबईची एक मुलगी चौथ्या दिवशी अगदी नम्रपणे म्हणाली, "ताई, कांदा न घातलेलं काही मिळेल का?" मी तिला चहा दिला.

भाकऱ्या गावातून येत. घरटी पाच. चाळीस घरांच्या दोनशे भाकऱ्या, फडक्यात बांधलेल्या, प्रत्येकीवर त्या त्या घरची बोटं उमटलेली. त्या मोजून घेणं माझं काम. तीन दिवसांत मला भाकरीवरून घर ओळखता यायला लागलं. जाड भाकरी सरपंचांची, कडा फाटलेली नव्या सुनेची, आणि पाचाच्या जागी रोज सात पाठवणारं एक घर होतं, त्यांचं शेत टेकडीच्या अगदी पायथ्याला होतं. हाही हिशेबच, पण गोड हिशेब.

नवख्या व्यवस्थापकाला भूक कळत नाही. पहिल्या दिवशी शहरी मुलं पाऊण भाकरी खातात आणि "बास ताई" म्हणतात. आपण त्या मापानं दुसऱ्या दिवशीचं सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी अडीच तास टिकाव मारलेला असतो. त्या दुपारी दोनशे भाकऱ्या दुसऱ्या पंगतीआधी संपल्या आणि मी स्वतः भांडाराच्या दाराआड पोह्यांचा चुरा खाल्ला. तिसऱ्या दिवसापासून तांदळाचा अंदाज मी सोडला. आचारी नाना म्हणायचे, "पोरं किती दमली ते बघायचं आन् तेवढ्या मुठी वाढवायच्या." अण्णांना हे माप कळलं असतं तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं.

दुपारी तीनला बौद्धिक. पत्र्याखाली, चाळीस अंशांत, पोटात पिठलं-भात. पाहुणे जलसाक्षरतेवर बोलत आणि मुलं डोळे मिटून चिंतन करत. पाहुण्यांच्या सत्काराला भांडारातून एक शाल आणि एक नारळ द्यावा लागे. शाल पाहुणे घेऊन जात. नारळ मात्र जड पडतो म्हणून खुर्चीपाशी विसरत. तो मी परत भांडारात ठेवत असे. चोवीस दिवसांत त्या एकाच नारळानं सात वक्त्यांचा सत्कार केला. शेवटच्या दिवशी चटणीसाठी फोडला तर नासका निघाला. एवढी भाषणं ऐकल्यावर नारळाचं दुसरं काय होणार?

शाळेत चालू असलेलं बटण एकच होतं आणि ते भांडारात होतं. त्यामुळं रात्री नऊनंतर माझ्या दाराशी लिलाव भरायचा. "ताई, माझं चार टक्के." "ताई, माझं दोन, आणि आईचा फोन येणार आहे." आईला मी सवलत देत असे. तिसऱ्या तुकडीत आयांचे इतके फोन येऊ लागले, की एका मुलाला कोणाची आई, असं विचारावं लागलं. तो लाजला. मग त्याच्या मोबाइलचा नंबर खाली गेला.

आणि चपला. शिबिरात माणूस हरवत नाही, चप्पल हरवते. तीही एकच. पहिली तुकडी गेल्यावर झाडलोटीत चार चपला सापडल्या, दुसरीनंतर तीन, तिसरीनंतर चार. अकराच्या अकरा डाव्या. अकरा तरुण एकेका पायात चप्पल घालून पुणे-मुंबईला गेले, की उजव्या चपलांचं दुसरं काही झालं, हे मला अजून कळलेलं नाही.

प्रत्येक तुकडीच्या शेवटच्या रात्री मनोगत असतं. मुलं उठून बोलतात आणि बोलता बोलता रडतात. आमच्या भागात डोळ्यांत पाणी आलं की आम्ही आधी आजूबाजूला कोण कांदा चिरतंय ते बघतो. त्या रात्री खरंच कोणी चिरत नव्हतं. पहिल्या तुकडीत सर्वांत सुंदर बोलला तो अर्थातच डेंगळा. इथल्या मातीनं मला घडवलं, असं तो म्हणाला. टाळ्या झाल्या. मी भांडाराच्या पायरीवर बसून चमचे मोजत होते. सत्तरांतले एकोणसत्तर.

त्याच वेळी शाळेमागच्या नळापाशी खरखर ऐकू आली. जाऊन बघते तर तो चिंगळी मुलगा डेगेत कमरेपर्यंत वाकलेला. संध्याकाळचं पिठलं तळाला करपलं होतं. नारळाची शेंडी आणि राख घेऊन तो ते खरवडत होता. ताटं ज्यानं त्यानं घासायची, हा शिबिराचा नियम. पण डेग कोणाचीच नसते. मी म्हटलं, "अरे, मनोगत चाललंय, तू जा ना." तो डेगेतूनच म्हणाला, "मला बोलता येत नाही ताई. आणि हे सकाळपर्यंत वाळलं तर निघायचं नाही." डेग रोज रात्री स्वच्छ होत होती आणि नाना घासतात असं मी आठ दिवस समजत होते. नाना समजत होते मी घासते. सत्तरावा चमचा त्याच डेगेत सापडला.

शिबिर संपल्यावर मी हिशेब मांडला. मापाऱ्याची मुलगी. तीन तुकड्यांनी मिळून ६४० मीटर चर खणला. साठ बाय तीसच्या चरात एका मीटरला १८० लिटर पाणी मावतं. म्हणजे एकदा सगळे चर भरले की १,१५,२०० लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत साडेअकरा टँकर. छाती भरून आली. मग वहीची दुसरी बाजू उघडली. शिबिराला आंघोळीला, प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाआड एक टँकर लागला होता. चोवीस दिवसांचे बारा टँकर. म्हणजे पाणी वाचवायला आलेल्या आम्ही टेकडीत जेवढं पाणी मावेल त्याहून ४,८०० लिटर जास्त आधीच वापरून टाकलं होतं.

वही घेऊन मी रडकुंडीला येऊन दादांकडं गेले. त्यांनी आकडे तपासले, बरोबर असल्याचं सांगितलं आणि म्हणाले, "आंघोळी एकदाच झाल्या. चर एकदाच भरणार आहेत का? पुढचा हिशेब पावसाळ्यात कर."

तो आबांनी केला. जूनच्या अखेरीस त्यांचा फोन आला, "पोरी, भरले." मग जुलैत. मग ऑगस्टात दोनदा. दसऱ्याच्या आधी पाचव्यांदा. ॲपवाला अकरा मीटर पहिल्याच पावसात फुटला, तो आबांनी स्वतः दुरुस्त केला. मी कागदावर पाच गुणिले साडेअकरा केलं, साडेसत्तावन्न टँकर लिहिलं आणि अण्णांपुढं ठेवलं. अण्णांनी चष्मा लावला. कागद बराच वेळ बघितला.

"तोलाई-हमाली वजा केलीस?"

मी बारा टँकर वजा केले. साडेपंचेचाळीस उरले. अण्णांनी मान डोलावली. आमच्या घरात याहून मोठं प्रमाणपत्र मिळत नाही. शिबिराचं मिळालं होतं, त्यावर माझं नाव चुकलं होतं.

तेव्हा उन्हाळ्यात तुमच्या घरचं कोणी अशा शिबिराला निघालं, तर खुशाल पाठवा. ताट, वाटी, विजेरी द्या, आणि दोन्ही चपलांवर नाव घाला. परत आल्यावर किती मीटर खणलं, हे विचारू नका. ते सगळेच वाढवून सांगतात. डेग कोण घासत होतं, एवढंच विचारा. माहीत नाही म्हणाला, तर पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा.